वयाचा दाखला आणि फाशीचा दोर

गुन्हा घडला त्या दिवशी ज्याचे वय अठरा वर्षांपेक्षा कमी होते, त्याला मृत्युदंड देऊ नये, हा नियम आज जगातील जवळजवळ सर्व राष्ट्रांनी मान्य केला आहे. भारताने तर तो एकदा सोडून दोनदा मान्य केला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६६ साली जो नागरी व राजकीय हक्कांचा करार संमत केला, त्याच्या सहाव्या कलमात हा नियम स्पष्ट शब्दांत आहे. त्या करारात भारत १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला. पुढे १९८९ साली बालहक्कांचा करार झाला. त्याच्या ३७ व्या कलमाने एक पाऊल पुढे टाकून असे म्हटले की, अशा मुलाला फाशी तर नकोच, पण सुटकेची काहीच आशा नसलेली जन्मठेपही नको. त्या करारावर भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी आपली संमती नोंदविली.

इथपर्यंतचा भाग परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिला तर पूर्ण गुण मिळावेत. परंतु दुसऱ्या संमतीनंतर दोन वर्षेही झाली नव्हती, तोच पुण्यात एक गुन्हा घडला, आणि त्यात वयाची साडेबारा वर्षे पूर्ण केलेल्या एका मुलाला पुढे फाशीची शिक्षा झाली. ती उच्च न्यायालयाने कायम केली, सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. तो मुलगा होता हे सिद्ध व्हायला २०२३ साल उजाडले. करार आणि कायदे जागच्या जागी होते. मग घोडे अडले कोठे, हे पाहण्यासाठीच हा लेख आहे.

प्रकरण असे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यातील राठी कुटुंबातील पाच स्त्रिया व दोन मुले यांची त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. महाराष्ट्रात अद्यापही ‘राठी हत्याकांड’ म्हटले की जुन्या लोकांच्या अंगावर काटा येतो. या गुन्ह्यात राजस्थानातून आलेले तिघे पकडले गेले. एक माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांना १९९८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००० मध्ये ती शिक्षा उचलून धरली. त्यांपैकी एकाच्या फाशीचे रूपांतर राष्ट्रपतींनी २०१६ साली जन्मठेपेत केले. राहिला दुसरा. कागदोपत्री त्याचे नाव होते नारायण चेतनराम चौधरी, आणि खटल्याच्या वेळी त्याचे वय विसाच्या घरात धरले गेले होते.

या नारायणने २०१८ साली तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला की, माझे खरे नाव निरानाराम आहे आणि गुन्ह्याच्या वेळी मी बालक होतो. न्यायालयाने पुण्याच्या प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. बिकानेर जिल्ह्यातील जलबसर या गावच्या सरकारी शाळेच्या नोंदीत निरानाराम, वडील चेतनराम, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ अशी नोंद सापडली. म्हणजे २६ ऑगस्ट १९९४ रोजी वय १२ वर्षे ६ महिने. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही नोंद ग्राह्य धरली, फाशी रद्द केली आणि त्याला ताबडतोब सोडून देण्याचा आदेश दिला. तोपर्यंत त्याची तुरुंगात २८ वर्षांहून अधिक वर्षे गेली होती. कायद्याप्रमाणे बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते!

बारा वर्षांचा मुलगा असले भयंकर कृत्य करू शकतो काय, ही शंका वाचकाच्या मनात येईल. न्यायमूर्तींच्याही मनात ती आली होती आणि त्यांनी ती निकालपत्रात लपवून ठेवली नाही. परंतु शंका म्हणजे पुरावा नव्हे. कागद एक सांगतो आहे आणि आपल्याला धक्का बसतो आहे म्हणून तो कागद खोटा, असे न्यायालयाला म्हणता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. मला ती अवघड पण योग्य वाटते.

आता एक गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी. पुष्कळांचा असा समज असतो की, १९९४ साली आपल्याकडे असा कायदाच नसेल. तसे नाही. शीला बर्से या मुंबईच्या पत्रकार बाईंनी देशातील तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात जो लढा दिला, त्यात १९८६ साली न्यायालयाने म्हटले की, प्रत्येक राज्याचा वेगळा बाल अधिनियम असण्याऐवजी साऱ्या देशासाठी एकच कायदा हवा. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने बाल न्याय अधिनियम केला. त्या कायद्यात मुलासाठी वयोमर्यादा सोळा वर्षे व मुलीसाठी अठरा वर्षे होती, आणि बालकाला मृत्युदंड देता येणार नाही असे स्वच्छ लिहिले होते. साडेबारा वर्षांचा निरानाराम त्या कायद्याखालीही बालकच ठरत होता. सोळाची मर्यादा काढून मुलांसाठीही अठराची करणारा २००० सालचा कायदा किंवा नंतरचा २०१५ सालचा कायदा यांची त्याला गरजच नव्हती. गरज होती ती अटक झाल्याबरोबर कोणीतरी ‘तुझे वय काय, शाळा कोणती?’ असे विचारण्याची, आणि उत्तर आल्यावर त्या शाळेला एक पत्र धाडण्याची.

अठरा हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही, त्यालाही इतिहास आहे. आपल्या १८६० च्या दंडसंहितेत सात वर्षांखालील मुलाचे कृत्य हा गुन्हाच नव्हे, आणि सात ते बारा या वयात समज किती आहे ते पाहावे, एवढेच होते. बारानंतर सारे सारखे. (ही दोन्ही कलमे २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जशीच्या तशी आली आहेत.) इंग्लंडने स्वतःच्या मुलांसाठी १९०८ च्या कायद्याने सोळा वर्षांखाली फाशी बंद केली आणि १९३३ साली ती मर्यादा अठरावर नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ च्या जिनिव्हा करारात, परक्या फौजेने व्यापलेल्या मुलखातील नागरिकांच्या बाबतीत, अठरा हाच आकडा आला. मग १९६६ चा करार.

हे वाचताना मला अनंत कान्हेरे आठवल्यावाचून राहिला नाही. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला त्याने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात गोळी घातली. त्या रात्री तेथे ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. अनंत शिकायला होता तो औरंगाबादला, म्हणजे त्या वेळी आपले बीदर व गुलबर्गा ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्यात. त्याची जन्मतारीख ७ जानेवारी १८९२ अशी दिली जाते. ती धरली तर गोळी झाडली त्या दिवशी अठरा पूर्ण व्हायला सतरा दिवस कमी होते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह त्याला फाशी दिली, तेव्हा तो अठरा वर्षांचा झालेला होता. आजच्या नियमाप्रमाणे पाहायचे ते गुन्ह्याच्या दिवसाचे वय, शिक्षेच्या दिवसाचे नव्हे. कान्हेरेने स्वतः अशी सवलत मागितली असती असे मला मुळीच वाटत नाही. पण सतरा दिवसांचा हिशेब मांडताना कळते की, या कायद्यात तारीख म्हणजे काय चीज आहे.

‘गुन्ह्याचा दिवस की कोर्टात हजर केल्याचा दिवस’ हा वाद आपल्याकडेही थोडेथोडके दिवस चालला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका खटल्यात हजर केल्याचा दिवस धरला होता, म्हणजे पोलिसांना उशिरा पकडता आले की मुलगा आपोआप मोठा! २००५ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने प्रतापसिंग विरुद्ध झारखंड या खटल्यात हे दुरुस्त करून गुन्ह्याचा दिवसच खरा असे ठरविले. नंतर २००६ मध्ये कायद्यातच अशी तरतूद झाली की, आपण बालक होतो ही हरकत कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, खटला अखेरचा निकालात निघाल्यानंतरसुद्धा घेता येते. २०१५ च्या कायद्याच्या नवव्या कलमात ती कायम आहे. निरानारामला दार उघडे मिळाले ते यामुळेच.

आता वय सिद्ध कसे करतात ते पाहू. २०१५ च्या कायद्याचे ९४ वे कलम यासाठी आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा अथवा पंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी, म्हणजे हाडांचा एक्स-रे काढून वयाचा अंदाज. हा अंदाज दोन वर्षे इकडे किंवा तिकडे होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९८२ साली नमूद केले आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दोन वर्षांची चूक म्हणजे काय याचा विचार करावा. आणि तुरुंगात दहा वर्षे काढलेल्या माणसाच्या हाडांवरून तर काय सांगणार? ती जुळायची ती केव्हाच जुळून गेलेली असतात. तेव्हा सारा भार पडतो तो शाळेच्या रजिस्टरवर.

आणि शाळेचे रजिस्टर म्हटले की आपल्या भागातील माणसाला आधी हसू येते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील कोणत्याही खेड्यात जाऊन चाळिशीपुढच्या दहा माणसांना जन्मतारीख विचारावी. त्यांत ‘एक जून’ सांगणारे कितीतरी निघतील. आईला आठवते ते ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’. शाळा जूनमध्ये उघडते, पहिलीत घ्यायला ठरावीक वय भरले पाहिजे, म्हणून हेडमास्तर एक जून टाकून मोकळे. वय कमी पडत असेल तर वर्षही एक मागे. ‘मास्तरांनी घातलेली तारीख’ असा शब्दप्रयोगच आपल्याकडे रूढ आहे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. नोकरीत दोन वर्षे जास्त मिळाली किंवा कमी झाली एवढाच त्याचा परिणाम आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच ओळीवर कोणाची मान अवलंबून असू शकते हे त्या हेडमास्तरांच्या स्वप्नातही नसते. शाळेत घालताना वर्ष मागे टाकलेला, प्रत्यक्षात साडेसतरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने साडेअठराचा घोडा होतो. उलट वय चोरून लिहिलेला कोणी सुटूही शकतो, हेही कबूल केले पाहिजे.

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मात्र कायदा होणे वेगळे आणि तांड्यावर, पालावर, वीटभट्टीवर जन्मलेल्या पोराची नोंद होणे वेगळे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा केला आहे. ती पिढी अजून अंगणवाडीत आहे.

दुसरी अडचण नावाची, आणि ती सीमाभागाइतकी दुसरीकडे क्वचितच कोणाला कळेल. निरानाराम पुण्यात येऊन नारायण झाला. अटकेच्या कागदावर जे नाव चढले तेच पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शाळेतला निरानाराम व फाशीतला नारायण एकच हे पटवून देणे हाच चौकशीचा मोठा भाग होऊन बसला. आपल्याकडे मराठी शाळेत ‘ज्ञानेश्वर’ म्हणून घातलेल्या मुलाचे नाव एक कारकून इंग्रजीत ‘डी’ने सुरू करतो, तर कन्नड वळणाचा दुसरा ‘जे’ने. टी. सी. म्हणा की वर्गावणे पत्र म्हणा, त्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे आणि आधारवर तिसरे. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी आपण यासाठी प्रतिज्ञापत्र करून वेळ मारून नेतो. कोठडीतल्या पोराला प्रतिज्ञापत्र कोण करून देणार?

कागद वेळेवर मिळाला नाही, किंवा कोणी ऐकले नाही, तर काय होते याचे उदाहरण शेजारीच आहे. पाकिस्ताननेही बालहक्कांचा करार मान्य केला आहे आणि तेथेही २००० पासून अठरा वर्षांखालील गुन्हेगाराला फाशी देण्यास कायद्याने बंदी आहे. शफकत हुसेन या तरुणाचे वय गुन्ह्याच्या वेळी चौदा होते असे त्याच्या घरच्यांचे व वकिलांचे म्हणणे होते. सरकारने ते मानले नाही. वयाचा वाद चालू असताना फाशीची तारीख अनेक वेळा पुढे ढकलली गेली आणि अखेर ४ ऑगस्ट २०१५ रोजी कराचीत त्याला फाशी दिली. इराणचे प्रकरण निराळे. त्याने करार स्वीकारला १९९४ साली, पण धर्माशी विसंगत तेवढे वगळून. त्यामुळे तेथे सतराव्या वर्षीच्या गुन्ह्यासाठी दिलारा दाराबी या चित्रकार मुलीला २००९ साली फासावर चढविले गेले. अमेरिकेने बालहक्कांचा करार आजतागायत मंजूर केलेला नाही आणि १९६६ चा करार मान्य करतानाही नेमके हे कलम आपल्याला बंधनकारक नाही असे लिहून दिले. तरी तिच्याच सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २००५ रोजी रोपर विरुद्ध सिमन्स या खटल्यात अशी शिक्षा घटनाबाह्य ठरविली. त्याआधीच्या तीस वर्षांत तेथे अशा बावीस जणांना देहदंड झाला होता.

आता विरुद्ध बाजू. वर्गात हा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील प्रकरणाचा. सहा आरोपींपैकी एकाचे वय अठराहून थोडे कमी, त्यामुळे तो तीन वर्षांत सुटला. मग मेलेल्या मुलीला न्याय कोणता? हा संताप खोटा नाही, आणि राठी कुटुंबातील उरलेल्यांना कोणी हे विचारले तर त्यांच्यापुढे आंतरराष्ट्रीय कराराची कलमे वाचून दाखवण्याचे धैर्य माझ्यापाशी नाही. त्या संतापातूनच २०१५ चा कायदा झाला. घोर गुन्हा केलेल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलाची आधी बाल न्याय मंडळाने मानसिक पारख करावी आणि जरूर वाटल्यास प्रौढाप्रमाणे खटला चालवावा, असे त्यात आले. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, एवढ्या क्षोभातसुद्धा संसदेने २१ व्या कलमात फाशी नाही आणि सुटकेची आशा नसलेली जन्मठेपही नाही, हे १९८९ च्या करारातील बंधन जसेच्या तसे ठेवले. शिक्षा किती असावी यावर वाद घालायला जागा आहे, पण फासाचा दोर हा विषय आपल्या कायद्याने संपविला आहे.

खरी विषमता मला दुसरीकडे दिसते. मे २०२४ मध्ये त्याच पुण्यात एका श्रीमंत घरच्या मुलाने मोटार चालवून दोघांचा जीव घेतला. त्याचे वय १७ वर्षे ८ महिने आहे हे त्याच दिवशी सर्वांना माहीत झाले, मंडळापुढे वकील उभे राहिले, आणि जामीन देताना निबंध लिहायला सांगितल्याची बातमी देशभर गाजली. गुन्हे वेगळे आहेत, तुलना ताणू नये. परंतु एकाचे वय कळायला काही तास लागले आणि दुसऱ्याचे कळायला अठ्ठावीस वर्षे, यात कायद्याचे कलम कोठेच आडवे आलेले नाही.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना रस वाटेल असे एक ताजे उदाहरण देतो. १९९४ मध्येच डेहराडूनला झालेल्या एका तिहेरी खुनात ओमप्रकाश नावाच्या नोकराला फाशी झाली. त्याने खालच्या न्यायालयात सांगितलेल्या वयावरूनही तो गुन्ह्याच्या वेळी चौदाचा ठरत होता. पण त्याचे बँकेत खाते आहे, तेव्हा तो सज्ञान असला पाहिजे, असा तर्क त्याच्याविरुद्ध लढविला गेला. बँकिंगचा पहिलाच धडा वाचलेल्या विद्यार्थ्यालाही माहीत असते की, अज्ञान मुलाच्या नावे खाते उघडता येते. २०१४ पासून तर रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलाला ते स्वतः चालवण्याची मुभा दिली आहे. राष्ट्रपतींनी २०१२ साली त्याची फाशी जन्मठेपेत बदलली, तीही वयाची साठ वर्षे होईपर्यंत सुटका नाही या अटीवर. शेवटी ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या दाखल्याच्या आधारे तो चौदा वर्षांचा होता हे मानून त्याला सोडले. निकाल देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती अरविंद कुमार हे आपल्या कर्नाटकातले. आधीच्या प्रत्येक पायरीवर न्यायालयांकडून हा अन्याय झाला, अशी कबुली त्या निकालात आहे.

कर्नाटकात फाशी द्यावयाची ती बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात. तेथे किंवा कलबुर्गीच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगणाऱ्या एखाद्याने उद्या ‘मी तेव्हा लहान होतो’ असा अर्ज केला, तर न्यायालय चौकशीचा कागद धाडील तो कोठल्या तरी खेड्यातील शाळेत. हेडमास्तर कपाट उघडतील. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे दाखल-खारिज रजिस्टर वाळवीने खाल्लेले नसेल, इमारत बदलताना रद्दीत गेलेले नसेल, शाळाच बंद होऊन तिचे दप्तर दुसऱ्या गावी गेलेले नसेल, आणि त्यातील मराठी अक्षर वाचणारे त्या कचेरीत कोणी असेल, तर त्या माणसाची ओळ सापडेल. जलबसरच्या शाळेत ती सापडली.